एक गाणं, दोन घरं



ज्या गुरुजींच्या स्मृतीला ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे, त्यांच्या वर्गात मी दोन वर्षं बसलो. हजेरी घेताना ते प्रत्येकाचं पूर्ण नाव घेत. आधी मुलाचं, मग वडिलांचं, मग आडनाव. त्यात कधी काटछाट नसे. आणि 'हजर' म्हणायचं ते मागच्या भिंतीपर्यंत पोचेल असं. कुणी पुटपुटलं, की पुन्हा म्हणायला लावत. तेव्हा ती नुसती शिस्त वाटायची. आज वीस वर्षं आवाज टिपण्याचं काम केल्यावर कळतं, की माझा सगळा व्यवसाय त्या हजेरीत आलेला होता. आवाज नीट ऐकू आला पाहिजे, आणि तो कुणाचा आहे हे नाव घेऊन सांगितलं पाहिजे. पहिली गोष्ट मी लवकर शिकलो. दुसरी शिकायला फार उशीर झाला. आज बोलायचं आहे ते त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल. पण पहिलीची वाट चालल्याशिवाय दुसरीपर्यंत पोचता येत नाही, म्हणून आधी कामाची ओळख करून देतो.

गावात मला 'रेकॉर्डिंगवाला' म्हणतात. नाव खोटं नाही, अपुरं आहे. गाणं लोकांच्या कानावर जाण्याआधी त्यावर चार कामं होतात. चालीभोवती वाद्यांची मांडणी करायची, ते संगीत संयोजन. गळा आणि वाद्यं टिपायची, ते ध्वनिमुद्रण. टिपलेले वेगवेगळे ट्रॅक एकमेकांत असे बसवायचे की शब्द वर राहावा आणि ताल अंगात उतरावा, ते मिक्सिंग. आणि मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर, मोटारीत, मंडपातल्या भोंग्यावर, सगळीकडे ते गाणं उभं राहील अशी शेवटची जुळवणी करायची, ते मास्टरिंग. पूर्वी या चार कामांना चार माणसं लागत. आता एक माणूस एका खोलीत, एका संगणकावर ती सगळी करतो. त्याला म्युझिक प्रोड्यूसर म्हणतात. त्याला पगार नसतो. गाण्यागणिक काम, गाण्यागणिक बिदागी.

आपल्याकडे या कामाची परंपरा मोठी आहे. १९३२ साली प्रभात फिल्म कंपनीनं कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' हा बोलपट केला, तेव्हा ध्वनिमुद्रणाची बाजू विष्णुपंत दामले यांनी सांभाळली. बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेला हा माणूस. पडदे रंगवण्यापासून यंत्रं खोलण्यापर्यंत सगळं काम त्यांनी हातांनी शिकून घेतलेलं होतं. चार वर्षांनी याच दामल्यांनी फत्तेलालांबरोबर 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला आणि तो व्हेनिसपर्यंत गाजला. प्रभात १९३३ साली पुण्याला आली. त्याच जागेवर १९६० पासून सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे, आणि आज तिथे ध्वनीचं रीतसर शिक्षण मिळतं. मुंबईत परळला शांतारामबापूंच्या राजकमलमध्ये मंगेश देसाई मिक्सिंगला बसत. 'शोले'चं मिक्सिंग त्यांच्या हातचं आहे. सत्यजित राय यांच्यासारखा आवाजाचा चोखंदळ दिग्दर्शक कलकत्त्याहून त्यांच्याकडे येत असे.

या थोर माणसांच्या मागे संस्था होती. प्रभात होती, राजकमल होतं. चित्रपट सुरू झाला की श्रेयनामावलीत ध्वनिमुद्रकाचं नाव झळकायचं. माझ्यासारख्या एकट्याच्या मागे संस्था नाही आणि माझ्या गाण्यांपुढे श्रेयनामावलीही नाही. २०१६ साली आलेल्या 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी थेट हॉलिवूडमध्ये मोठा वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रण केलं, त्याचा अभिमान आपल्या सगळ्यांना आहे. पण त्याच वर्षी महाराष्ट्रात आराधी गाणी, भीमगीतं, जागरणं, अभंग, शिवजयंतीची गाणी खेडोपाडीच्या दहा बाय बाराच्या खोल्यांत तयार होत होती, आणि आजही होतात. त्या खोलीत गाणारा गरीब असतो, टिपणाराही फार श्रीमंत नसतो, आणि दोघांच्या मध्ये कागद नसतो. माझं आजचं बोलणं त्या न लिहिलेल्या कागदाबद्दल आहे.

आता तुम्हाला माझ्या खोलीत घेऊन जातो.

मी काही वर्षं पुण्यात मदतनीस म्हणून काम केलं. २०२० च्या टाळेबंदीत गावी परतलो आणि आमच्या जुन्या माळवदाच्या घरात सामान मांडलं. शहरात स्टुडिओ बांधताना भिंतीत फोम भरतात, त्यावर मोठा खर्च होतो. आमच्या घराची भिंत दोन फूट जाडीची, मातीची. वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचा थर. ही माती आवाज पिते. टाळी वाजवली तर खोली उत्तर देत नाही. ज्या कोपऱ्यात थोडा घुमारा होता, तिथे आईच्या हातच्या चार वाकळा टांगल्या आणि सोयाबीनची पोती रचली. राहिला महामार्ग. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या ट्रकांची घरघर खालच्या सुरात जमिनीतून येते, ती वाकळेला जुमानत नाही. म्हणून महत्त्वाचं काम रात्री अकरानंतर. जागरणवाल्यांना त्याची अडचण वाटत नाही, त्यांचा गळाच रात्री उघडतो.

सुरुवातीला प्रत्येक ध्वनिमुद्रणात एक बारीक 'हं' ऐकू यायचा. आपल्या विजेची कंपनं सेकंदाला ५०. अर्थिंग कच्चं असलं की ती तारांतून शिरतात आणि तंबोऱ्यासारखी गाण्याखाली बसून राहतात. वायरी बदलल्या, यंत्रं बदलली, काही उपयोग झाला नाही. शेवटी परसात खड्डा खणला, त्यात मीठ-कोळशाचे थर देऊन पट्टी पुरली, आणि त्या रात्री पहिल्यांदा खोली खरोखर गप्प झाली. या धंद्यात शांतता विकत मिळत नाही, ती खणून काढावी लागते.

आमच्या भागातली एक जागरण पार्टी माझ्याकडे आली ती रात्र मी विसरणार नाही. वाघ्या, मुरळी, दिमडीवाला, तुणतुण्यावर एक म्हातारबाबा. शहरातली पद्धत अशी की प्रत्येकाला एकेकटं बसवायचं, कानाला हेडफोन लावायचा, त्यात संगणकाची टिकटिक द्यायची आणि एकेक ट्रॅक भरत जायचा. मी तसंच केलं. दोन तास गेले. सूर होता, ताल होता, पण जागरण नव्हतं. वाघ्याला मुरळीचा चेहरा दिसत नव्हता. तिनं कोणत्या शब्दावर हात उचलला ते कळत नव्हतं, म्हणून तो पुढचं कडवं उचलायला बिचकत होता. शिवाय जागरणाची लय चढत जाते, शेवटाकडे ती सुरुवातीच्या कितीतरी पुढे असते. संगणकाची टिकटिक जागची हलत नाही. त्या टिकटिकीनं त्यांच्या पायांना दावं बांधलं होतं.

मग मी सगळे हेडफोन काढून ठेवले आणि त्यांना देवघरासमोर बसतात तसं अर्धगोलात बसवलं. मुरळीचं तोंड माइकपासून वीतभर. त्या माइकला पुढचं स्पष्ट आणि पाठीमागचं अगदी कमी ऐकू येतं, म्हणून दिमडी बरोबर त्याच्या पाठीशी, चार हातांवर. मुरळीच्या हातातली घंटी सगळ्यात अवघड. बारीक, धारदार आवाज, तो नेमका शब्दांच्या 'स', 'च', 'त'वर चढतो. तिला म्हटलं, मावशी, घंटी कमरेच्या खाली धरा आणि हात बाजूला ठेवा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. हे गणित मांडून माणसं बसवली की अर्धं मिक्सिंग बसल्या जागी होतं. बोलपटाच्या पहिल्या काळात एकाच माइकवर अख्खा वाद्यवृंद घ्यायचे ते असंच, कुणी पुढे, कुणी मागे. मला ते पुस्तकानं सांगितलं होतं, पण त्या रात्री जागरणवाल्यांनी शिकवलं.

दिमडीचं कातडं रात्रीच्या दमट हवेनं सैल पडलं होतं. दिमडीवाल्यानं ते दोनदा शेकून घेतलं. शेकलं की सूर चढतो, आणि तासाभरात पुन्हा उतरतो, म्हणून कोणतं गाणं कधी घ्यायचं ते त्या कातड्यानं ठरवलं. तुणतुणं बाबांनी मुरळीच्या गळ्याला लावलं, पेटीला नाही. तिचा षड्ज पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी बसत होता. संगणकात सूर 'दुरुस्त' करायची सोय आहे, १९९७ साली ऑटोट्यून आल्यापासून जगभर ती वापरली जाते. मी बटण दाबलं असतं तर तिचा गळा ओढून जवळच्या पट्टीवर बसवला गेला असता, आणि तुणतुण्याशी त्याचं वैर झालं असतं. मी माझी नंतरची सगळी वाद्यं तिच्या सुराला आणून लावली. ज्याचं गाणं त्याचा षड्ज. संयोजकानं जायचं त्याच्या घरी, त्याला आपल्या घरी ओढून आणायचं नाही.

पहाटे साडेतीनला शेवटचं गाणं झालं. माझ्या हातून झालेल्या कामांतलं ते सगळ्यात चांगलं काम होतं. पुढे जे झालं ते मात्र मला सांगायला जड जातं.

आठ दिवसांनी मिक्सिंग करून मी त्यांना पेनड्राइव्ह दिला. महिन्याभरानं मुरळीमावशी पुन्हा आल्या, बरोबर शाळकरी नात होती. मावशींना वाचता येत नाही, नातीला येतं. पेनड्राइव्ह टीव्हीला लावल्यावर पडद्यावर जी नावं उमटली, ती नातीनं वाचून दाखवली होती. माझ्या कामाच्या सवयीनं मी फायलींना नावं दिली होती: 'दिमडी', 'तुणतुणे', 'पुरुष आवाज १', 'महिला आवाज २'. मावशी रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "बाळा, समद्याची नावं हायती. दिमडीचं बी हाय. माजं कुटं हाय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दिमडीला नाव होतं आणि बाईला क्रमांक. गुरुजींच्या हजेरीत बसलेल्या पोरानं हे केलं होतं. मी त्याच दिवशी सगळ्या फायलींवर पूर्ण नावं घातली. आज या व्याख्यानात मी मावशींचं नाव घेणार होतो, त्यांना विचारायला गेलो. त्या म्हणाल्या, "भाषनात नगं, गान्यावर घाल." म्हणून इथे घेत नाही. गाण्यावर आहे.

त्यानंतर मी या नावाच्या गोष्टीचा मागोवा घेतला, आणि लक्षात आलं की हा प्रश्न ध्वनिमुद्रणाच्या जन्माइतकाच जुना आहे. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि गौहरजान यांचं गाणं टिपलं. त्या तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कारागिरांना गाणं कुणाचं हे कळावं, म्हणून गाणं संपता संपता गौहरजान स्वतःच ठणकावून आपलं नाव सांगत. सव्वाशे वर्षांनंतर आजही त्या तबकडीतून ते नाव ऐकू येतं. तबकडीवरचा कागद फाटेल, पेटी हरवेल, पण आवाजातच ओवलेलं नाव जात नाही.

आणि आपण मराठी माणसं ही युक्ती तबकडीच्या कितीतरी आधी जाणत होतो. अभंगाच्या शेवटच्या चरणात संताची नाममुद्रा असते. 'नामा म्हणे', 'जनी म्हणे', 'तुका म्हणे'. शाहीरही पोवाड्याच्या, लावणीच्या शेवटी आपलं आणि कधी आपल्या उस्तादाचंही नाव गुंफतो. लिहिता-वाचता न येणाऱ्या समाजानं कर्त्याचं नाव पिढ्यान् पिढ्या कसं जपावं, याचं हे उत्तर आहे. नाव ओळीतच असलं की ओळ गायची तर नाव घ्यावंच लागतं. जनाबाई दासी म्हणवून घेत होत्या, पण त्यांचं नाव सातशे वर्षं कुणाला पुसता आलं नाही.

आकाशवाणीनं हीच शिस्त पुढे चालवली. १ एप्रिल १९५५ ला पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालं आणि वर्षभरात ५६ गीतं झाली. गदिमा आणि बाबूजी ही जोडी तेव्हापासून घराघरात पोचली. माझ्या लहानपणी सोलापूर केंद्र लागायचं. गाणं लागण्याआधी निवेदक सांगत: गीत अमुक यांचं, संगीत अमुक यांचं, स्वर अमुक यांचा. आजी गाण्याइतक्याच भक्तीनं ती नावं ऐकायची. आता मोबाइलवर गाणं सुरू होतं तेव्हा कुणी काही सांगत नाही. नावं असतात, पण ती आत, एका तक्त्यात. त्या तक्त्यात ती भरायची कुणी? गाणं चढवणाऱ्यानं. म्हणजे माझ्यासारख्यानं. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा एक ओळख-क्रमांक असतो, आयएसआरसी म्हणतात त्याला. त्याच्याबरोबर गायक, गीतकार, संगीतकार, वादक यांची नावं नोंदवायची जागा असते. ती जागा कोरी राहिली तर मान जातो आणि मागून येणारे पैसेही जातात. पैसे नावाच्या मागे येतात. 'महिला आवाज २' या नावाचं बँकेत खातं नसतं.

अणदूरकर बंधू-भगिनींनो, आता मी तुम्हाला तुमच्याच घरची गोष्ट सांगणार आहे. आपला खंडोबा एक आहे आणि त्याची मंदिरं दोन आहेत. वर्षाचे सव्वादहा महिने देव अणदूरला, पावणेदोन महिने नळदुर्गच्या मैलारपुरात. पौष पौर्णिमेची मोठी यात्रा तिकडे भरते. देव एका गावाहून दुसऱ्या गावाला जातो तेव्हा दोन्ही गावचे मानकरी समोरासमोर बसतात आणि लेखी करार करतात. इतक्या पिढ्यांचा परिपाठ, तेच लोक, तोच देव, चार-पाच किलोमीटरांचं अंतर. तरी करार होतो. त्यामुळे कुणाचा अपमान झाला असं कुणी म्हणत नाही. कुणाचा कुणावर विश्वास नाही असंही कुणी म्हणत नाही. उलट तो करार हा सोहळ्याचाच भाग आहे. दोन घरांची एक वस्तू असेल तर लिहून ठेवावं लागतं, हे शहाणपण अणदूर-नळदुर्गनं केव्हाच आत्मसात केलेलं आहे.

ध्वनिमुद्रित गाण्याचंही असंच आहे. एक गाणं, दोन घरं. एक घर गाणाऱ्याचं, दुसरं टिपणाऱ्याचं. गळा त्यांचा, पण जो गळा हवेत विरला असता, तो टिपून ठेवण्याचं कसब आमचं. देवासाठी आपण करार करतो आणि गाण्यासाठी "घरचंच काम आहे, कागद कशाला?" म्हणतो. हे बदललं पाहिजे, एवढंच माझं सांगणं आहे.

कायदा काय म्हणतो ते सोप्या शब्दांत सांगतो. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात २०१२ साली मोठी सुधारणा झाली. गाण्याचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण या तीन वेगळ्या गोष्टी, तिन्हींचे हक्क वेगळे. परंपरेनं आलेलं जागरणाचं पद कुणा एकाच्या मालकीचं नाही, ते सगळ्यांचं आहे. पण त्या रात्री मावशींनी ते जसं गायलं, त्या सादरीकरणावर त्यांचा हक्क आहे आणि तो ५० वर्षं टिकतो. सादरकर्ता म्हणून आपलं नाव लागावं हा हक्कही कायद्यानं त्यांना दिलेला आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षांचा, आणि तो निर्मात्याचा. कायद्यातला निर्माता म्हणजे ज्यानं पुढाकार घेऊन, जबाबदारी उचलून ते ध्वनिमुद्रण घडवलं तो. आम्ही स्वतःला प्रोड्यूसर म्हणवतो खरं, पण दुसऱ्यानं पैसे देऊन काम करवून घेतलं असेल तर बहुतेक वेळा कायद्याचा निर्माता तो ठरतो. नुसतं टिपणाऱ्याला, मिक्सिंग करणाऱ्याला कायदा वेगळा हक्क देत नाही. त्याला जे मिळायचं ते करारातूनच मिळतं. म्हणजे गाणाऱ्यापेक्षाही टिपणाऱ्याला कागदाची गरज जास्त.

आणखी एक गोष्ट तरुणांनी लक्षात ठेवावी. हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच होतात. तोंडी होत नाहीत. त्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. गीतकार आणि संगीतकार यांच्या रॉयल्टीतला वाटा तर २०१२ पासून असा पक्का झाला आहे, की तो त्यांनी कंपनीला लिहून देतो म्हटलं तरी देता येत नाही. हे माहीत नसल्यामुळे आपल्याकडचे कितीतरी लोक 'सगळे हक्क कायमचे दिले' अशा कागदावर अंगठा उठवून आले आहेत.

मीही ठेच खाल्ली आहे. शहरातल्या एका कंपनीसाठी मी अकरा गाण्यांचं संयोजन आणि मिक्सिंग केलं. निम्मी बिदागी आधी मिळाली, उरलेली गाणी बाहेर पडल्यावर देऊ म्हणाले. गाणी बाहेर पडली. पैसे आले नाहीत, नावही आलं नाही. मागायला गेलो तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "लिहून कुठे दिलंय?" त्या प्रश्नाला मी आजही दोष देत नाही. तो प्रश्न मीच मला आधी विचारायला हवा होता.

तेव्हापासून माझ्याकडे एक पानाचा मराठी मसुदा असतो. गाणी किती, मुदत किती, बिदागी किती, त्यातला बयाणा किती. मिक्सिंगमध्ये फुकट दुरुस्त्या किती वेळा, त्यापुढे प्रत्येक वेळचे किती. मालकी कुणाची. मूळ ट्रॅक कुणाकडे राहणार आणि किती वर्षं. पुढे या गाण्याला पैसे आले तर वाटा कसा. आणि सर्वांत वर, बिदागीच्याही वर, नावं. गायक, गीतकार, वादक, ध्वनिमुद्रक, गावासकट. सुरुवातीला लोक बिचकले. आता वाघ्या पार्टीचे प्रमुख स्वतः म्हणतात, आधी ते पान काढा. पान वाचून दाखवायला दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांनी माझे काही मित्र टिकवले आहेत.

या धंद्यात येऊ पाहणाऱ्या मुला-मुलींना आणखी दोन गोष्टी सांगतो. आपलं वर्ष पंचांगावर चालतं. नवरात्राआधी आराधी गाणी, आषाढीआधी अभंग, फेब्रुवारीत शिवजयंती, एप्रिलमध्ये भीमजयंती. मधले महिने कोरडे जातात. कोरडवाहू शेतकऱ्यासारखं सुगीत साठवून ठेवायला शिका, नाहीतर यंत्राच्या हप्त्यापायी यंत्रच विकावं लागतं. आणि कान सांभाळा, तेच आपलं भांडवल. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास हीच मर्यादा मानतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीपुढे घालवलेल्या एका संध्याकाळीत जे जातं, ते कोणतंही यंत्र परत आणून देत नाही.

शेवटी तुम्हा सगळ्यांना एक विनंती. तुम्ही म्युझिक प्रोड्यूसर नसाल, पण प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचं यंत्र आहे. ज्या ओव्या आजीच्या जात्यावर होत्या, त्या जातं गेल्यावर फक्त आजीच्या गळ्यात उरल्या आहेत. जागरणाची जुनी पदं दोन-चार म्हाताऱ्यांना येतात. आज घरी गेल्यावर पंखा बंद करा, दार लोटा, मोबाइल हनुवटीपासून वीतभर अंतरावर धरा आणि त्यांना गायला सांगा. आधी परवानगी विचारा. गाण्याआधी त्यांना त्यांच्याच तोंडून पूर्ण नाव, गाव आणि तारीख म्हणायला लावा. मग एक प्रत तुमच्याकडे ठेवा, एक दुसऱ्या यंत्रात ठेवा, आणि एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे पाठवा.

नाव आधी, गाणं नंतर. एवढं एक या गावानं केलं, तर गुरुजींची हजेरी पुरी होईल.